खुंट्या

पहिल्या वर्षी ती बोटभर फट होती,
गोठ्यामागे, जिथे आम्ही चुलीतली राख टाकायचो.
कुन्नेय सात वर्षांची. म्हणाली,
"बाबा, जमिनीला चीर गेलीये."
मी म्हटलं, हिवाळा आला की बुजेल.
आमच्याकडे सगळंच हिवाळ्यावर सोपवायची रीत आहे:
कर्ज, भांडणं, चिखलाचे रस्ते, दुखरी दाढ.

ती हिवाळ्यासाठी थांबली नाही.
त्या फटीत तिनं राख भरली,
मग घोड्याची लीद, मग माझा फाटका लोकरी बूट,
टाचेनं दाबून दाबून.
सकाळी बघते तर बूट गायब
आणि फट वीतभर.

पुढच्या जूनमध्ये तिच्यातून पाणी झिरपू लागलं.
आमच्या मातीच्या पोटात बर्फ आहे,
आज्याच्या आज्यालाही त्याचं वय ठाऊक नव्हतं.
त्याच्या भरवशावर घरं उभी, शाळा उभी, थडगी आडवी.
त्याला आता घाम फुटलाय.
रात्री जमिनीवर अंथरूण टाकलं की ऐकू येतं
टप्.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग टप्.

शाळेतून आली की कुन्नेय ढकलगाडी घ्यायची,
लेना नदीच्या काठावरून माती आणायची.
रोज वीस बादल्या. तळहाताला फोड, फोडावर फडकं.
खड्ड्यानं सगळी गिळली, साधा ढेकरही दिला नाही.
शेजारचा प्रोकोपी दारात पाइप ओढत म्हणाला,
"पोरी, चाळणीत पाणी भरतेस."
ती म्हणाली, "चाळण ओली तर होते."
तो हसला. मीही हसलो.
लिहून ठेवतो, कारण खरंच हसलो होतो.

नवव्या वर्षी तिनं बादली सोडली.
मला वाटलं, शहाणी झाली, सुटलो.
तर आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन
ती खड्ड्याच्या कडेला पालथी पडलेली.
लार्चच्या फांद्या तासून खुंट्या केल्या,
ओळीनं ठोकल्या, एकेका वावेवर एक,
प्रत्येकीला लाल लोकरीचा दोरा.
वहीत तारीख, आणि किती उरल्या.

खुंट्या पडत गेल्या.
ती मागे सरकून नव्या ठोकत गेली.
जिल्ह्याहून एक साहेब आले, फोटो काढले,
चहा घेतला, चिखल झटकून गेले.
ऑगस्टातल्या एका रात्रीच्या पावसात चार खुंट्या गेल्या
आणि प्रोकोपीचं निम्मं न्हाणीघर.
उरलेलं निम्मं कडेवर लोंबत राहिलं,
धुराडं खाली, दार आभाळाकडे.

सकाळी प्रोकोपी आमच्या उंबऱ्यात, टोपी हातात.
मला नाही, तिला विचारलं:
"माझं घर कधी?"
तिनं वही उघडली. ओठ हलले, बोटांची पेरं मोजली गेली.
"बटाटे काढून होतील," ती म्हणाली,
"पुढचे लावू नका."

त्याने लावले नाहीत.
त्याच्यामागून आम्हीही निघालो, मग सात घरं.
ओंडक्यांवर खडूनं आकडे घालून
घर उसवलं, टेकडीवर नेऊन पुन्हा शिवतोय.
छप्पर अजून व्हायचंय. रात्री कान देतो
आणि काहीच ऐकू येत नाही, तरी झोप लागत नाही.

काल संध्याकाळी कुन्नेय दिसेना.
शोधत गेलो, जुन्या जागी.
खड्डा आता एवढा, की पलीकडच्या काठावरची गाय
मांजराएवढी दिसते.
बारा वर्षांची माझी पोर
कडेपासून मोजून मागे, खुंटी धरून उभी.
"आता कशाला?" मी म्हटलं. "आपण तर गेलो इथून."
तिनं हातोडी माझ्याकडे केली.
"तुझा हात जड आहे, नीट बसेल."

मी ठोकत होतो.
ती वही गुडघ्यावर ठेवून विचारत होती,
आज तारीख किती?